घुंगराची बाटली

माझ्या धाकट्या बहिणीचा, शालूचा आवाज जन्मभर घोगराच राहिला. नवीन माणसाला वाटायचं, बाई आत्ताच रडून उठल्या असाव्यात. बँकेत, बसस्टँडवर, नातवाच्या शाळेत कुणी ना कुणी काळजीने विचारायचं, "घसा बसलाय का हो? हळदीचं दूध घ्या." त्यावर ती म्हणायची, "लहानपणी बसला तो उठलाच न्हाई मेला," आणि स्वतःच हसायची. ती गेली त्याला अजून फार दिवस झालेले नाहीत. लोक येतात, बसतात, जुन्या गोष्टी काढतात आणि जातात. सकाळचा चहा झाला की मी कागद पुढे ओढते. तिच्या संसाराविषयी लिहावं, तिने सासरी काढलेल्या दिवसांविषयी लिहावं, असं मनात असतं. पण लेखणी टेकवली की मी त्या एकाच सकाळी जाऊन उभी राहते, ज्या सकाळी तिचा आवाज गेला. मी शाळेत शिकवलं, पुष्कळ वाचलं. भीतीची वर्णनं पुस्तकांत खूप असतात. त्या सकाळची भीती मात्र मला कुठे वाचायला मिळाली नाही, म्हणून ती मीच लिहून ठेवते आहे.

आमचं गाव गोरेगावहून हिंगोलीकडे येताना मोठी वाट सोडून आत होतं. अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, देवळाची पूजा होती आणि देवळाच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. शालूच्या बाळंतपणात आई गेली. तिला काय झालं होतं ते आम्हांला कुणी नीट सांगितलं नाही; "वारं शिरलं" एवढंच ऐकलं. तेव्हापासून आम्हां दोघींना गोदाकाकूने वाढवलं. ती अण्णांच्या थोरल्या भावाची विधवा. ठेंगणी, तापट, आणि शालूवर जीव टाकणारी. दुसरी बाई म्हणजे आत्या, अण्णांची धाकटी बहीण. तीही लहानपणीच विधवा झालेली. आई गेली तेव्हा आत्या तिच्या उशाशी बसून होती. पाहत बसण्यापलीकडे आपल्याला काही करता आलं नाही, हे तिच्या मनातून गेलं नाही. वर्ष सरायच्या आत ती हैदराबादेला गेली आणि नर्सचं काम शिकून आली. पांढरं लुगडं, पायात बूट. अण्णा काही दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मग गावातल्या सरकारी दवाखान्यात तिची नेमणूक झाली, आणि ज्यांनी नावं ठेवली होती त्यांच्याच सुना तिला रात्री-अपरात्री बोलवायला लागल्या, तेव्हा अण्णांचाही अबोला सुटला.

काकूचं आणि आत्याचं भांडण मात्र रोजचं होतं. आत्या दवाखान्यातून आली की काकू दारातच ओरडायची, "हजार लोकांचे हात धरून आलीस, आधी अंगावर पाणी घे. तसंच आत येशील तर चूल इझवून टाकीन." आत्या हसत न्हाणीकडे जायची. उलट काकू शालूला भरवायला बसली की आत्या म्हणायची, "वहिनी, हात धुतले का?" "आत्ता तर देवाची भांडी घासली. याच्याहून चांगले हात कुठले आणू?" एकजण शिवण्याआधी हात धुवायची, दुसरी शिवल्यावर. आमच्या घरात पाणी मात्र खूप लागायचं, आणि ते वाहून वाहून अण्णांची कंबर गेली होती. सकाळी ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, कधी तुरीचं वरण. काकूला तपकिरीचं व्यसन होतं. पदरात पितळी डबी असे. इतकी वर्षं तपकीर ओढून तिच्या नाकाला कशाचाच वास कळत नसे. भाजी करपली तरी आम्हीच तिला सांगायचो.

दवाखान्यातलं औषध तेव्हा आपल्या घरच्या बाटलीत आणायचं असे. कुणी तेलाची बाटली आणी, कुणी अत्तराची. बाटलीवर चिठ्ठी चिकटवत, पण ती उर्दूत. बायकांना ती वाचता येत नसे, पुरुषांतही थोड्यांनाच. पोटात घ्यायचं आणि अंगाला चोळायचं औषध घरी गेल्यावर कोनाड्यात शेजारी शेजारी बसे. आत्याला याची फार धास्ती होती. ती म्हणायची, "चुकीचं औषध द्यायला वाईट माणूस लागत न्हाई, घाईतलं चांगलं माणूस पुरतं." म्हणून तिने एक युक्ती काढली. पोळा झाल्यावर तुटक्या घुंगरमाळा लोक फेकून देतात; त्यातली घुंगरं तिने गोळा केली, उकळून स्वच्छ केली, आणि चोळायच्या प्रत्येक बाटलीच्या गळ्यात एकेक घुंगरू बांधायला सुरुवात केली. बाटली उचलली की घुंगरू वाजे. वाजलं की तोंडाला लावायचं नाही, एवढं प्रत्येक माणसाला ती तीन-तीनदा बोलून दाखवायला लावी. लोकांना हे फार आवडलं, जरा जास्तच आवडलं. साखरा गावाहून एक म्हातारा यायचा. त्याला खोकला होता, तरी हटून बसायचा, "नर्सबाई, मले घुंगराचीच बाटली द्या. बिनघुंगराच्या औषधानं गुण येत न्हाई." आत्या घरी येऊन ही गोष्ट सांगत होती तेव्हा आम्ही सगळे हसलो. आज ते हसणं आठवलं की अंगावर काटा येतो. घुंगरात काही गुण आहे असं लोकांना वाटायला लागलं होतं, हे त्या म्हाताऱ्याने आम्हांला तोंडावर सांगितलं होतं.

त्या पावसाळ्यात सगळं गाव कान देऊन जगत होतं. निजामाचं राज्य राहतं की जातं, यावर मोठी माणसं दार लावून कुजबुजत. निजामाच्या बाजूचे बंदूकवाले गावोगाव फिरत होते. काही घरं पोराबाळांसह वऱ्हाडात, वाशीमकडे नातेवाइकांकडे निघून गेली होती. घोड्याच्या टापा, कुत्र्याचं भुंकणं, दूरचा एखादा बार, प्रत्येक आवाज घरातले सगळे थांबून ऐकत. काकू फोडणीत मोहरी टाकी आणि ती तडतडायच्या आत कढईवर ताटली झाके, जसं काही मोहरीच्या आवाजानेच कुणी दारात येईल. गावात शांतता हवी असे. वाटेवर मात्र उलटं होतं. वाटेने जाणाऱ्या गाडीच्या बैलांना घुंगरमाळ हवीच. मुक्याने जाणारी गाडी म्हणजे पळून जाणारी, नाहीतर काही लपवून नेणारी, असं नाक्यावरचे हे बंदूकवाले धरून चालत. अशा एका गाडीवर आधी गोळी झाडली आणि मग चौकशी केली, असं गावात ऐकू आलं होतं. खरं-खोटं देव जाणे. दवाखान्याचे डॉक्टर रजेवर गेले ते परतलेच नव्हते, कंपाउंडरही बायकापोरांना पोचवायला गेला होता. दवाखान्याची किल्ली एकट्या आत्याकडे होती. ती जखमा धुई, पट्ट्या बांधी, आणि डॉक्टरांनी जाताना ठरवून दिलेली साधी औषधं तेवढी देई. त्यापलीकडे नाही.

शालू तेव्हा पाच वर्षांची असेल. तिला काही दिवस हगवण लागली होती आणि ती वाळून गेली होती. तिच्यासाठी खडूचं पांढरं औषध आणलेलं होतं. अण्णांच्या कंबरेसाठी चोळायचं औषधही आणलेलं होतं, तेही दुधासारखं पांढरं. दोन्ही हलवून घ्यायची, दोन्ही एकाच कोनाड्यात. एकीच्या गळ्यात घुंगरू होतं. शालू औषधाला भयंकर त्रास द्यायची, म्हणून काकूची ठरलेली रीत होती: तिला मांडीवर आडवी घ्यायची, डाव्या हाताने नाक दाबायचं, तोंड उघडलं की पूजेची पळी भरून सरळ घशात ओतायची.

त्या सकाळी आत्या दवाखान्यात गेली होती. मी देवळाच्या ओवरीत हार करत बसले होते, अण्णा गाभाऱ्यात होते. घराकडून घुंगराचा बारीक आवाज येत होता, थोडा इकडे, थोडा तिकडे, धावल्यासारखा. मला वाटलं शेजारचं वासरू सुटलं. मग किंकाळी आली. ती किंकाळी लांबत गेली आणि मधेच फाटली. एखादं जाड कापड टरकावं तशी.

मी आणि अण्णा पळत गेलो. शालू जमिनीवर लोळत होती, दोन्ही हातांनी गळा धरून. ओठ पांढरे पडले होते आणि तोंडातून लाळ गळत होती. खोलीत डोळ्यांना झोंबणारा वास भरला होता. काकू मात्र तशीच बसली होती, हातात रिकामी पळी. "औषधच दिलं हो. रोजचंच औषध. काय झालं माझ्या लेकराला? काहून असं करून राहिली?" तोवर शेजारपाजारच्या बायका जमल्या. एकजण मिठाचं पाणी कालवायला लागली, दुसरी म्हणाली कोंबडीचं पीस आणा, घशात फिरवा, उलटी झाली की सगळं बाहेर येईल. अण्णांनी मला म्हटलं, "विमल, आत्याला बोलाव." पण बोलवायची गरज पडली नाही. ती किंकाळी दवाखान्यापर्यंत गेली होती.

आत्या दारात आली. तेवढ्यात शालूने पाय झाडले आणि तिच्या कमरेच्या करगोट्याला बांधलेलं घुंगरू वाजलं. आत्याच्या तोंडावरचा रंग गेला. कुणी काही सांगायच्या आत तिने कोनाड्याकडे पाहिलं. तिथे दोन पांढऱ्या बाटल्या होत्या. एकीच्याही गळ्यात काही नव्हतं.

"घुंगरू कुणी सोडलं?"

"मीच सोडलं," काकू म्हणाली. "पोरीला दृष्ट लागली होती. तुझ्या घुंगरानं तुझ्या दादाची कंबर मोकळी झाली, म्हटलं हिलाही गुण येईल. बांधल्याबरोबर हसली ती, नाचून राहिली होती..." आणि बोलता बोलता तिला कळलं. तिने पळी खाली ठेवली नाही, ती तिच्या हातातून पडली.

मिठाच्या पाण्याची वाटी शालूच्या तोंडाशी आली होती. आत्याने हाताच्या फटक्याने ती उडवली. शेजारीण चिडली, "अवं, उलटी न्हाई करवली तर मरंल पोर!" आत्या म्हणाली, "जे जाताना जाळत गेलं ते येतानाही जाळत येईल. कुणी बोट घालायचं न्हाई, पीस घालायचं न्हाई. सरका. वारा येऊ द्या." मग ती न्हाणीपाशी गेली आणि हात धुतले. तेवढ्या गडबडीत, पोर तडफडत असताना, तिने हात धुतले हे मी पाहिलं. परत आली. तिने शालूला मांडीवर ताठ बसवलं, ओल्या फडक्याने तोंड पुसलं, पुन्हा पुन्हा पुसलं, आणि गार दूध चमच्याने, अगदी टिपकं टिपकं, जिभेवर सोडत राहिली. जेवढं गिळलं जाईल तेवढंच. गिळताना शालू असा आवाज करायची की अण्णा बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकून उभे राहिले.

मग ते आत आले. "तुझ्याकडं किल्ली आहे. ती झोपेची सुई टोच तिला. मला हे ऐकवत न्हाई."

"दादा, त्या सुईला डॉक्टरांचा हुकूम लागतो. डॉक्टर न्हाईत."

"डॉक्टर न्हाईत म्हणूनच सांगतो. कोण विचारणार आहे तुला? राज्य बुडून राहिलं आणि तू हुकूम सांगतीस?"

"राज्याचा प्रश्न न्हाई. घसा सुजायला लागलाय. झोपवली तर श्वास कधी थांबला ते तुला न् मला कळणार न्हाई. रडू दे तिला. रडतेय तोवर आहे ती."

अण्णा फार शांत माणूस. मी त्यांना देवळात कुणावर आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. पण त्या वेळी ते म्हणाले, "सगळ्या गावाला हात लावतीस. आपलं रक्त असलं की नियम. एकीला तू अशीच पाहत बसली होतीस." ते आईविषयी होतं, हे मलाही कळलं. आत्याने मान वर केली नाही. चमचा तसाच शालूच्या ओठापाशी धरून ती म्हणाली, "गणपाला गाडी जोडायला सांग. हिंगोलीला नेऊ."

हिंगोलीच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर होते. पण बैलगाडीला दिवस मोडायचा, काळ्या रानातला चिखल, आणि वाटेवर नाके. गणपा आमच्या देवळाच्या शेतीचा गडी. तो बैल घेऊन आला, पोळ्याच्या नव्या घुंगरमाळा घातलेले. अण्णा यायला निघाले, तर जमलेल्या लोकांनी त्यांना धरलं. गाडीवानाशिवाय दुसरा पुरुष गाडीत दिसला तर नाक्यावर खाली उतरवतील, बायकापोरींना सोडतील, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. आत्याने मला बरोबर घेतलं. माझ्या हातात तिने ती चोळायच्या पांढऱ्या औषधाची बाटली दिली, बूच घट्ट दाबलेली. "ही उभी धर. डॉक्टरांना दाखवायची आहे. काय पोटात गेलं ते मी सांगीन, पण त्यांनी डोळ्यांनी पाहिलं पाहिजे." काकू गाडीमागे ओढ्यापर्यंत धावत आली. ती रडत नव्हती. "ठेवा गं तिला, ठेवा गं तिला," एवढंच म्हणत होती, कुणाला ते कळत नव्हतं.

ओढा ओलांडेपर्यंत शालू रडत होती. त्यानंतर तिचं रडणं बारीक होत गेलं. तोंड उघडं, डोळ्यांत पाणी, पण आवाज नाही. त्याच्या जागी एक शीळ येऊ लागली, आत ओढलेल्या श्वासाची. आत्या आपला कान शालूच्या तोंडाशी नेई आणि वैतागून मागे घेई, कारण बैलांच्या घुंगरमाळा छन्‌छन् वाजत होत्या आणि त्यात ती शीळ बुडून जात होती.

"गणपा, माळा काढ."

गणपाने वळून पाहिलं. "बाई, पुढं नाका हाये. मुक्यानं गाडी नेली तर..."

"मला श्वास ऐकू येत न्हाई. काढ."

"गोळी घालतील, बाई."

"तर मला घालतील. आधी माळा काढ, बाबा."

गणपा उतरला. बैलांच्या गळ्यातून माळा काढून त्याने त्या पोत्यात गुंडाळल्या आणि गाडीतच दाबून ठेवल्या. तरी एक बारीक किणकिण राहिलीच. ते शालूच्या कमरेचं घुंगरू होतं. आत्याने दाताने दोरा तोडला आणि घुंगरू माझ्या हातात दिलं. "मुठीत आवळून धर. वाजू देऊ नको." मी एका हातात बाटली उभी धरली आणि दुसऱ्या हातात घुंगरू आवळलं. त्यानंतर गाडीत आवाज उरला फक्त चिखलातून चाक सुटण्याचा, आणि त्या शिळेचा. आत, बाहेर. आत, बाहेर. मधे थांबली की माझंही काळीज थांबे. आभाळ दाटून आलेलं, रस्त्याला चिटपाखरू नाही. दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीची ज्वारी. प्रत्येक हलणाऱ्या ताटामागे मला माणूस दिसत होता. मी देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला, पण नावाच्या आवाजाने शीळ ऐकू येईना, म्हणून तेही सोडलं.

नाका आला तो ओरडण्यानेच आला. "रुको! कौन है? रुको!" चार-पाच जण ज्वारीतून वर आले, तिघांच्या हातांत बंदुका. गणपाने कासरा ओढला आणि दोन्ही हात वर केले. एक मिसरूडही न फुटलेला तरुण गाडीच्या साट्यावर, लाकडी चौकटीवर, पाय ठेवून आत डोकावला. "घंटियां काइकू निकाले? चोर के माफिक जारैं?" त्याने बंदुकीच्या टोकाने पोतं उचकलं. माळा खळकन वाजल्या आणि त्याबरोबर मागचे सगळे दचकले. त्यांनाही भीती वाटत होती, हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त बंदुकीचं भोक दिसत होतं.

"हात में क्या है?" तो मला म्हणाला. मी बाटली पुढे केली. "दूसरे में?" मूठ माझ्याच्याने उघडेना. बोटं वळून गेली होती. त्याने हात पुढे केला तसा आत्याने एकही बोट न हलवता सांगितलं, "लडकी को मत छेडो. मैं सरकारी दवाखाने की नर्स हूं. बच्ची का गला सूज गया. घंटियां मैंने निकलवायीं, सांस सुनना था."

"झूट!"

मागून एक उतारवयाचा माणूस पुढे आला. दाढी पांढरी, खांद्यावर काडतुसांचा पट्टा. त्याने तरुणाला बाजूला केलं आणि आत्याला म्हणाला, "सुनाव." आत्याने शालूला त्याच्याकडे किंचित वळवलं. त्याने बंदूक दुसऱ्याच्या हातात दिली, साट्यावर हात टेकून वाकला आणि आपला कान आमच्या शालूच्या तोंडाशी नेला. शीळ आली. गेली. मग थांबली. तो तसाच वाकलेला. आत्याचे डोळे मिटलेले. शीळ पुन्हा आली, तेव्हा त्या माणसाने आपलाही दाबून धरलेला श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

"जाव, बाई. जल्दी जाव." आणि तरुणाकडे वळून, "अगले नाके तक तू आगे दौड. बोलना, बेघंटी की गाडी आरी, हाथ नक्को लगाना." तो तरुण चिखलातून आमच्या पुढे धावायला लागला. माळा मात्र त्यांनी ठेवून घेतल्या. गणपा पुढे कितीतरी वर्षं म्हणायचा, "पोर वाचली ते बरं झालं, पण माळा नव्या होत्या हो माझ्या."

हिंगोलीत दिवे लागत होते. डॉक्टर चष्मा लावलेले, थकलेले. त्यांनी पहिल्यांदा बाटली मागितली. बूच काढून लांबूनच वास घेतला. "किती गेलं?" "एक पळी. त्यातलं थोडं थुंकली." "उलटी?" "होऊ दिली नाही." "काय दिलंत?" "दूध, चमच्याने. दुसरं काही दिलं नाही." "झोपेचं?" "नाही." त्यांनी मान हलवली आणि शालूला आत नेलं. गळ्याला भोक पाडून नळी घालायची तयारी त्यांनी टेबलावर मांडून ठेवली होती. झाकलेल्या ताटलीतलं ते चकाकणारं पातं मी पाहिलं. वाफ देत राहिले, बसवून ठेवलं. पातं वापरावं लागलं नाही. सूज चढायची तिथवर चढली आणि उतरली. आत्या भिंतीशी बसली होती. शालूला मोकळा, जोरात श्वास आला, तेव्हा आत्याने माझी मूठ आपल्या हातात घेतली आणि एकेक बोट सोडवलं. घुंगराच्या पाकळ्या तळहातात रुतल्या होत्या.

झालं ते कसं झालं, असं डॉक्टरांनी तिथे विचारलं, तेव्हा आत्या म्हणू शकली असती की पोर स्वतःच बाटली उचलून प्यायली. तिने जसं घडलं तसं सांगितलं. "खूण मी केली होती. ती सोडावीशी वाटेल अशी केली, ही माझी चूक." मला तेव्हा फार राग आला होता. चूक काकूची, आणि ही आपल्यावर का घेते? आता वाटतं, कुणाच्या माथी मारावं याचा ती विचारच करत नव्हती. पुढच्या बाटलीचा करत होती.

आम्ही परतलो तोवर राज्य बदललं होतं. वाटेवर नाके नव्हते. लोक मोठ्याने बोलत होते. अण्णा देवळाच्या पायरीवर उभे होते. त्यांनी शालूला घेतलं. ते न्हाणीकडे गेले आणि तिच्या आंघोळीचं पाणी स्वतः काढून ठेवलं, कंबर धरून. काकू तर शालूला हातच लावेना. अन्न वाढी, अंथरूण घाली, पण शिवत नसे. मोहरीवर ताटली झाकायचं काम आता नव्हतं, तरी ती झाकायची. एका सकाळी आत्या भाताची वाटी घेऊन तिच्यापुढे बसली आणि म्हणाली, "वहिनी, भरव तिला."

"माझ्या हातानं न्हाई."

"तुझ्याच हातानं. फक्त हात धू."

काकू उठली आणि हात धुतले. भरवण्याआधी, जन्मात पहिल्यांदा. शालूने घास घेतला आणि काहीतरी बोलली. तेव्हा आम्ही सगळ्यांनी तो नवा आवाज पहिल्यांदा ऐकला. म्हाताऱ्या बाईसारखा, फाटका. तिने मीठ मागितलं होतं. काकू पदर तोंडात कोंबून रडली.

त्यानंतर आत्याने घुंगरं बांधणं बंद केलं. बांधावरच्या बाभळीची दोन-दोन काट्यांची डहाळी ती चोळायच्या बाटलीच्या गळ्याला करकचून बांधू लागली. धरली की बोटाला टोचायची. लोकांनी तक्रार केली. साखऱ्याचा म्हातारा तर रुसला, "घुंगरू बरं होतं की, बाई. हे काय काटेरी?" आत्या म्हणाली, "बाबा, काटा कुणी लेकराच्या कमरेला बांधत न्हाई."

या वर्षी शालूला हिंगोलीच्याच एका दवाखान्यात ठेवलं होतं. तिथली नर्स अगदी पोरसवदा. प्रत्येक औषधाआधी ती शालूला नाव विचारायची. शालू त्या घोगऱ्या आवाजात चिडायची, "सकाळपासून तेच नाव हाये माझं, बदललं न्हाई." ती पोरगी हसायची आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारायची. मला ती फार आवडली. शेवटच्या दिवशी दुपारी खोलीत नातेवाईक होते, कुणी फोनवर बोलत होतं, भिंतीवरचा टीव्ही चालू होता. शालूचा श्वास ओढायला लागला होता. मी म्हटलं, टीव्ही बंद करा. भाच्याने बंद केला. मग म्हटलं, पंखाही बंद करा. "काहून, मावशी? उकडतंय इतकं." मी स्वतःच उठून बटण दाबलं. सगळे गप्प झाले. मी वाकले आणि कान तिच्या तोंडाशी नेला.

शीळ होती. आत, बाहेर. मग थांबली. मी वाट पाहिली. कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावला, कुणीतरी नर्सला बोलावलं. मी तशीच वाकलेली होते. नंतर त्या पोरीनेच हळूच माझा हात हातात घेतला, तेव्हा मला कळलं की माझी मूठ वळलेली आहे. तिला वाटलं मी काहीतरी धरून ठेवलंय. तिने एकेक बोट सोडवून पाहिलं. आत काही नव्हतं.